मराठी मिडियममधून शिकलोय, इंग्लिश वाचलेलं कळतंय पण बोलताना अडकतो, क्लास लावू का?

क्लासच्या आधी एक आठवून बघा की, बेळगाव-खानापूरकडं आपण कन्नड बोलायला कसं शिकलो? माझं तरी बसमध्येच झालं, कंडक्टर "चिल्लर कोडी" (सुट्टे द्या) म्हणायचा आणि मी खिसे चाचपत "इल्ला री" (नाही हो) म्हणायचो, व्याकरण कुणी शिकवलंच नाही आणि चुकलं तरी समोरचा समजून घ्यायचा. इंग्लिशला आपल्याला असा माणूसच मिळत नाही, नुसता पेपर मिळतो.

डेल हाइम्स या भाषातज्ज्ञानं १९७२ च्या लेखात हेच मांडलंय, व्याकरण येऊन भागत नाही, कुणाशी कुठं काय बोलायचं तेही यायला लागतं. "गिव्ह मी युअर पेन" व्याकरणात बरोबरच आहे पण बँकेत अनोळखी माणसाला "कॅन आय बॉरो युअर पेन" म्हणतात, हे टेन्सचा तक्ता पाठ करून कळत नाही.

म्हणून दोघं-तिघं मित्र जमवा, रोज अर्धा तास एकच प्रसंग धरा, इंटरव्ह्यू, दवाखाना, कस्टमर केअरचा फोन, काहीही, आणि शब्द अडला तर तो मराठीत टाकून पुढं जा पण थांबू नका. चुकीला हसणारा ग्रुपमध्ये नकोच, कॉलेजात अशा एकामुळं मी दोन वर्षं तोंड उघडलं नाही.