तळघराच्या भिंतीने पोट काढलंय, भेग भरायची की भिंत पाडायची?

तुम्ही विचारलंय की तळघराची पोकळ काँक्रीट ब्लॉकची भिंत मधोमध आत फुगलीये, आतून आडवी भेग गेलीये, कोपऱ्यांजवळ तीच भेग पायऱ्यापायऱ्यांनी तिरकी झालीये, एक मिस्त्री म्हणतो भेग भरून आतून वॉटरप्रूफ रंग मारू, दुसरा म्हणतो सगळी भिंत पाडायला लागेल, तर ऐकायचं कोणाचं. आणि पाडायची तर वर घर उभं असताना ते होतं कसं.

मी साइटवर बरीच वर्षं काढलीयेत, अशा भिंती बांधल्याही आहेत आणि पाडल्याही आहेत (एक तर स्वतःच बांधलेली पाडलीये, ते पुढे सांगतो). माझं म्हणणं असं की सध्या दोघांचंही ऐकू नका. आधी ओळंबा सोडा. वर जोइस्टला (मजला पेलणाऱ्या आडव्या लाकडी तुळईला) खिळा मारून दोरी खाली सोडायची आणि प्रत्येक थराला भिंत दोरीपासून किती लांब आहे ते मोजून तिथेच भिंतीवर पेन्सिलने लिहायचं, तारखेसकट. असं दर दीड-दोन मीटरवर. भेगेच्या दोन्ही टोकांना खूण करा आणि भेगेवर दोन-तीन ठिकाणी काचेची बारीक पट्टी पीओपीने आडवी चिकटवा, भिंत हलली की काच तडकते, खोटं बोलत नाही. एक ओला मोसम आणि एक कोरडा मोसम बघितला तर भिंत अजून सरकतेय की दमून थांबलीये ते कळतं. अर्थात फुगवटा आत्ताच खूप असेल तर एवढा वेळ थांबायचं नाही.

आता ही भेग का पडली ते नीट समजून घ्या, कारण सगळा घोटाळा इथे होतो. लोकांना वाटतं घराचं वजन पेललं नाही म्हणून भिंत फुटली. अहो, वरून येणारं वजन ब्लॉकची भिंत आरामात घेते, उलट त्या वजनाने ती जागेवर दाबलेली राहते. तिला हरवतं ते बाजूने ढकलणारं, म्हणजे बाहेरची माती आणि मातीतलं पाणी. हिशोब करून बघा. पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढत जातो, २ मीटर खाली तो चौरस मीटरला २ टन होतो, आणि भिंतीच्या एका मीटर लांबीवर एकूण ढकल येते ती पण २ टन. खोली १ मीटर असती तर हीच ढकल अर्धा टन असती, म्हणजे खोली दुप्पट तर ढकल चौपट. कोरडी, वाळूमिश्रित माती २ मीटर उंच भरलेली असेल तर ती मीटरला साधारण सव्वा टनाने ढकलते, तीच माती पाण्याने तुडुंब झाली की आकडा अडीच टनाच्या वर जातो. चिकणमाती असेल तर ती शिवाय फुगते ते वेगळंच.

आणि भेग मधेच आडवी का? भिंत खाली फरशीला टेकलेली असते आणि वर मजल्याच्या जोइस्टला, म्हणजे दोन टोकांवर ठेवलेली फळी समजा, बाहेरून रेटा आला की ती मधे वाकते. वाकली की आतली बाजू ताणली जाते, आणि ब्लॉक-सिमेंटचा सांधा दाबाला वाघ असला तरी ताणाला अगदी कच्चा, तो मधल्या कुठल्यातरी थराला उघडतो. कोपरे आडव्या भिंतीने धरलेले असतात त्यामुळे ते हलत नाहीत, म्हणून तिकडे भेग सांध्यासांध्याने तिरकी पळते. तुम्ही लिहिलेलं चित्र अगदी हेच आहे. नुसताच पाया खचला असता तर आडव्या भेगेऐवजी पायऱ्यांची भेग एकाच बाजूला, वर रुंद खाली बारीक किंवा उलटी अशी दिसली असती आणि भिंतीला पोट आलं नसतं.

त्यामुळे आतून रंग मारायचा सल्ला सोडून द्या. पाणी बाहेरून दाबतंय, आतला रंग दाबाच्या उलट्या बाजूला आहे, तो फुगे येऊन सोलपटून निघणार आणि मागे पांढरा लोणा दिसणार. शिवाय पोकळ ब्लॉकच्या भिंतीत एक गंमत असते, आतल्या पोकळ्या एकावर एक आल्यामुळे भिंत म्हणजे उभ्या टाक्यांची रांग होऊन बसते. सगळ्यात खालच्या थराला ड्रिलने एक भोक पाडून बघा, मी असं भोक पाडल्यावर पाणी चिळकांडी मारून बाहेर आलेलं पाहिलंय, मालक म्हणत होते भिंत फक्त दमट आहे.

मग पाडायची का? फुगवटा साधारण ५० मिमीच्या आत असेल, ब्लॉक धड असतील आणि खालचा थर फरशीवरून आत सरकला नसेल तर बहुतेक वेळा भिंत वाचते. आतून कार्बन फायबरच्या पट्ट्या चिकटवतात, किंवा स्टीलच्या उभ्या बीम खाली फरशीत आणि वर जोइस्टमधे अडकवून लावतात. पट्टी भिंतीला परत सरळ करत नाही हं, फक्त पुढे जाऊ देत नाही, हे लोक सांगत नाहीत. फुगवटा त्याच्या वर गेला, किंवा खालचा थर सरकला, किंवा ब्लॉक बोटाने खरवडले तर भुगा निघतोय, तर दुसरा मिस्त्री बरोबर, भिंत नवीन करा. पण ओळंब्याचे आकडे घेऊन एकदा स्ट्रक्चरल इंजिनियरला प्रत्यक्ष दाखवा, कारण सळई किती आणि किती अंतराने हे तोच काढून देणार, मी इथून सांगितलेलं चालणार नाही.

नवीन करायची ठरली तर क्रम चुकवू नका. पहिलं काम भिंत नाही, टेकू. जोइस्ट त्या भिंतीवर टेकलेले असतील तर भिंतीपासून पाऊण-एक मीटर आत त्यांच्याखाली आडवा जाड बीम घालून त्याखाली स्क्रू जॅकचे प्रॉप (उभे टेकू) लावायचे, आणि प्रॉप थेट फरशीवर उभे करायचे नाहीत, खाली जाड स्लीपर (लाकडाचे ओंडके) टाकायचे, नाहीतर तळघराची पातळ फरशी भोक पडल्यासारखी फुटते. जॅक घट्ट करायचे म्हणजे घर उचलायचं नाही, फक्त वजन अंगावर घ्यायचं, जास्त पिळलं तर वरच्या मजल्यावर प्लास्टरला भेगा येतात आणि दारं अडकतात. गॅस, पाणी, वीज, ड्रेनेज कुठून भिंतीतून जातंय ते आधी शोधून ठेवा.

दुसरं, बाहेरची माती काढणं, आणि ही भिंत पाडण्याच्या आधी. माती तशीच ठेवून आतून ब्लॉक काढायला घेणारे महाभाग मी बघितलेत. एक घनमीटर माती दीड टनाच्या वर भरते, ती अंगावर आली तर माणूस ओरडायलाही उरत नाही. खड्ड्याच्या कडा उभ्या न ठेवता उतरत्या ठेवा, दीड मीटरच्या खाली गेलात की उतार किंवा शोरिंग (कडांना फळ्यांचा आधार) याशिवाय कोणी आत उतरायचं नाही, आणि काढलेली माती काठावर रचायची नाही. लांब भिंत असेल तर एकदम सगळी उघडी न करता टप्प्यात करता येते, फक्त जुन्या-नव्याचा जोड कुठे येणार ते आधी ठरवून सळया बाहेर काढून ठेवायच्या.

भिंत उतरवल्यावर फुटिंग, म्हणजे भिंतीखालचा काँक्रीटचा पाया, दिसेल. ते सलग असेल, खचलेलं नसेल तर ठेवा, घासून स्वच्छ करा, नवीन उभ्या सळयांसाठी भोकं पाडून इपॉक्सीत डॉवेल (पाया आणि भिंत जोडणारे सळईचे तुकडे) बसवा. पहिला थर पूर्ण मालावर बसवायचा आणि यात घाई नको, कारण पहिल्या थराला ३ मिमी चुकलात तर वर पोचेपर्यंत ओळंबा सांभाळता सांभाळता नाकी नऊ येतात. आधी कोपरे उभे करायचे, मग दोरी बांधून मधले भरायचे, सांधे एकावर एक येऊ द्यायचे नाहीत. नेहमीचा ब्लॉक ३९० बाय १९० बाय १९० मिमी असतो आणि सांधा १० मिमी, म्हणून हिशोबाला ४०० आणि २०० धरतात, भिंतीची लांबी आधीच या पटीत बसवली तर ब्लॉक कापत बसावं लागत नाही. आणि विटेच्या सवयीने काँक्रीटचे ब्लॉक पाण्यात भिजवू नका, भिजलेला ब्लॉक वाळताना आकसतो आणि सांध्यात केसासारख्या भेगा येतात. ढीग झाकून कोरडा ठेवा.

सळई पोकळीत कुठल्या बाजूला घालायची यावर साइटवर हमखास वाद होतो. मोकळी उभी रिटेनिंग वॉल (माती अडवणारी भिंत) असते तिची सळई मातीच्या बाजूला असते, कारण ती वरून सुटी असते आणि ताण मागे येतो. तळघराची भिंत खाली-वर दोन्हीकडे टेकलेली असते, ताण आतल्या बाजूला येतो, म्हणून सळई खोलीच्या बाजूला. रिटेनिंग वॉल बांधून हात बसलेला माणूस इथेही सवयीने मागे घालतो, आणि पोकळीत ग्राउट (पातळ काँक्रीट) भरल्यावर कोणाला दिसतंय. म्हणून भरायच्या आधी स्वतः टॉर्च घेऊन वरून आत बघा, पोकळीत मालाचे गोळे पडलेत का तेही दिसेल. ग्राउट हे पातळच लागतं, घट्ट काँक्रीट मधेच अडकून खाली पोकळ राहतं, दीडेक मीटरच्या टप्प्यात भरून सळईने नीट कोचून घ्यायचं. सगळ्यात वरचा थर भरीव, त्यात अँकर बोल्ट, आणि भिंत व लाकडी पट्टी यांच्यातली फट न आकसणाऱ्या ग्राउटने ठासून भरायची, लाकडाचे तुकडे ठोकून नाही.

बाहेरून प्लास्टर, त्यावर बिटुमेनची मेंब्रेन, त्यावर ड्रेनेज शीट. फुटिंगच्या बाजूला भोकांचा पाइप, भोकं खाली करून, आतल्या फरशीच्या लेव्हलच्या खाली, त्याभोवती खडी आणि खडीभोवती जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं, गाळ अडवणारं कापड), नाहीतर दोन-चार वर्षांत गाळाने बंद. पाइपाचं तोंड उताराने मोकळ्यावर काढा किंवा संपमधे (पाणी गोळा करायच्या खड्ड्यात) सोडा, पाइप टाकला आणि तोंड कुठेच काढलं नाही असंही मी पाहिलंय. भिंत कितीही भारी बांधा, हे केलं नाही तर आधीची ज्या कारणाने गेली ते कारण तिथेच उभं आहे. वर जमीन घरापासून ३ मीटरमधे १५ सेंमी तरी उतरती हवी, आणि छपराच्या पाण्याचे पाइप भिंतीपाशी ओतत असतील तर ते आजच लांब न्या, त्याला ना इंजिनियर लागतो ना परवानगी. काही घरांत एवढ्यानेच तळघर कोरडं झालेलं मी बघितलंय.

आता माझी पाडलेली भिंत. नवीन घर होतं, वरचा मजला अजून टाकलेला नव्हता, म्हणजे भिंतीला वरून टेकूच नव्हता. मला पुढचं काम सुरू करायचं होतं म्हणून ग्राउट भरून आठवडा व्हायच्या आत जेसीबीने सगळी माती एकदम आत लोटून घेतली. रात्री जोराचा पाऊस झाला. सकाळी ओळंबा सोडला तर भिंत मधे ४० मिमी आत. कोणाला दोष देणार, माझीच घाई, पाडून परत बांधली माझ्या खर्चाने. तुमच्याकडे वर मजला आधीच आहे, पण नव्या भिंतीला तो जोडल्याशिवाय, जॅक उतरवल्याशिवाय आणि ग्राउटने ताकद धरल्याशिवाय माती भरू देऊ नका. भरताना १५-२० सेंमीचे थर, हलका कॉम्पॅक्टर, आणि जड मशीन भिंतीपासून लांब, निदान जेवढी भिंत खोल तेवढं तरी अंतर. जॅक उतरवताना पण एक पूर्ण सोडून मग दुसरा असं नाही, सगळे पाळीपाळीने थोडे थोडे, आणि वरच्या खोलीत एक माणूस उभा करा, लाकूड करकरलं की त्याने ओरडायचं.