युलिसिस पलंगाखाली

प्रश्न : प्राचीन ग्रीक-रोमन कादंबऱ्या म्हणजे ‘ओडिसी’ हे महाकाव्य रचणाऱ्या ग्रीक कवी होमरची उसनवारीच ना?
– एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे

उत्तर : मोरोपंतांनी रामकथा नाना परींनी रचली, तिला आपण उसनवारी म्हणतो का? पेट्रोनियस या रोमन लेखकाच्या ‘सॅटिरिकॉन’ कादंबरीत गिटोन हा पोरगा पलंगाखाली शिरून वरच्या पट्ट्यांत हातपाय अडकवून लटकतो. लेखक लगेच सांगतो, युलिसिस (म्हणजे ‘ओडिसी’चा नायक ओडिसिअस) राक्षसाच्या गुहेतून निसटताना मेंढ्याच्या पोटाला असाच चिकटला होता! एकडोळ्या राक्षसाची गुहा इथे लॉजची खोली झाली. अप्पा बळवंत चौकात जुनी प्रत मिळाली, तेव्हा या पानावर मी तासभर रेंगाळले होते. ग्रीक कादंबरीकार हेलिओडोरस ‘ओडिसी’सारखी गोष्ट मधूनच सुरू करतो. पुढे खुद्द ओडिसिअस त्याच्या कादंबरीतल्या कॅलासिरिस या म्हाताऱ्या पुजाऱ्याच्या स्वप्नात येतो आणि माझ्या बेटावरून गेलास, पण माझी आठवण ठेवली नाहीस, म्हणून रागावतो.