पेशंट कुणाचा, एवढं आधी सांग

अगं,

तुझा रात्री अडीचचा मेसेज सकाळी चहा घेताना वाचला. अमेरिकेतल्या त्या ट्रॉमा टीममधल्या, म्हणजे अपघाताचे गंभीर पेशंट बघणाऱ्या टीममधल्या, एकेकाच्या डिग्र्या टाईप करून पाठवल्यास आणि खाली विचारलंस, मॅडम, हे सगळं करून मी आपल्याकडे नक्की कोण होणार, सर्जन की आयसीयूवाली? बाबा म्हणतायत एमसीएच गॅस्ट्रो, म्हणजे पोटाच्या सर्जरीची सुपरस्पेशालिटी कर, तुझे लेक्चरर म्हणतात ट्रॉमात नाव नाही आणि पैसा तर नाहीच, आणि तू दोन इमर्जन्सींच्या मधे जागी राहून डिग्र्या मोजत बसलीस. आधी चिडले, मग वाईट वाटलं, कारण तुझा हात मी पाहिलाय आणि तुला कॅज्युअल्टीत घाबरताना कधी पाहिलेलं नाही.

ती यादी परत वाच. पाच वर्षं जनरल सर्जरी, त्यावर एक वर्ष सर्जिकल क्रिटिकल केअरची फेलोशिप, काहींनी अॅक्यूट केअर सर्जरीचं अजून एक वर्ष केलेलं. सोबत नर्स प्रॅक्टिशनर, फिजिशियन असिस्टंट, फार्मासिस्ट. मला त्यात एकच गोष्ट दिसते, तिथे पेशंट कुणाचा हे आधीच ठरलेलं आहे. राऊंडला दहा जण बोलतील पण शेवटी एक माणूस म्हणणार, माझा.

आपल्याकडे काय होतं ते सांगते. मी हाऊसमन, म्हणजे शिकाऊ निवासी डॉक्टर होते तेव्हाची रात्र, हॉस्पिटलचं नाव नको. लोकलमधून पडलेला विशीतला मुलगा, केसपेपरवर नुसतं 'अननोन'. पेल्विस, म्हणजे कमरेखालचं हाडांचं कडं फुटलेलं, डोक्याला मार, पाय भलत्याच दिशेला. ऑर्थोने पायाला वजन लावून ताण दिला, म्हणजे ट्रॅक्शन लावलं, आणि लिहिलं, सर्जरी ओपिनियन घ्या. न्यूरोसर्जरीने लिहिलं, सध्या काही इंटरव्हेन्शन नाही. सर्जरीने लिहिलं, पोट मऊ आहे, सोनोग्राफी नॉर्मल, सहा तासांनी रिपीट. तिघांचंही बरोबर होतं बघ! पेल्विसचं रक्त पोटाच्या मागच्या बाजूला साठतं, हाताला लागत नाही, सोनोग्राफीतही बऱ्याचदा दिसत नाही. बीपी पडलं की कोणीतरी येऊन सलाईन फास्ट करून जायचं, थंड सलाईन, बाटलीमागून बाटली, आणि रक्ताचा फॉर्म कुणीच भरला नव्हता कारण प्रत्येकाला वाटलं दुसऱ्याने भरला असेल. नाईटच्या सिस्टरनी युरिन बॅग उचलून दाखवली, तळाशी जेमतेम गडद लघवी, आणि विचारलं, "डॉक्टर, हा पेशंट नक्की कुणाचा?" त्या खोलीत कुणाकडेच उत्तर नव्हतं. सकाळपर्यंत मुलगा गेला.

सिस्टर जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा झालेल्या, रत्नागिरीकडच्या. आम्हा सगळ्या एमबीबीएस-एमएसवाल्यांत योग्य प्रश्न त्यांनी विचारला. म्हणून मला बॅकग्राऊंडचं कौतुक सांगू नकोस, पेशंट कुणाचा ते सांग.

त्याचं कारण नुसतं शिस्तीचं नाहीये, शरीराचं आहे. खूप रक्त गेलेला माणूस गार पडतो, रक्त अॅसिडिक होतं, गोठायचं थांबतं, आणि या तिन्ही गोष्टी एकमेकींना वाढवत नेतात. अशा माणसाचं पोट उघडून चार तास सगळं व्यवस्थित शिवत बसलीस तर शिवण सुंदर होईल आणि पेशंट टेबलवरच दगावेल. १९९३ मध्ये फिलाडेल्फियाच्या रोतोंदो आणि श्वाब यांच्या गटाने डॅमेज कंट्रोल सर्जरीचा पेपर मांडला तो हाच. रक्तस्राव थांबवा, घाण पसरणं थांबवा, रक्त दाबून धरायला कापडाचे पॅक भरा, पोट तात्पुरतं झाका आणि आयसीयूत न्या, तिथे ऊब द्या, रक्त आणि प्लाझ्मा द्या, आणि एक-दोन दिवसांनी परत ओटीत आणा. म्हणजे ऑपरेशनचा मधला भाग आयसीयूत होतो. मग तो भाग कोण करणार? पोटात किती पॅक ठेवलेत हे ज्याला माहितीये त्यानेच रात्री लॅक्टेट, म्हणजे शरीराला रक्त पुरतंय का ते सांगणारी रक्ततपासणी, बघायला नको का? सर्जन की आयसीयूवाली विचारतेस, अगं तिथे ही दोन कामं वेगळी करताच येत नाहीत.

आणि या क्षेत्रात कुठल्या ब्रँचमधून आलात याने फार काही अडत नाही, इतिहासच बघ. १९५२ मध्ये कोपनहेगनला पोलिओची साथ आली तेव्हा मेडिकल स्टुडंट्सना पाळीपाळीने बसवून हाताने फुगा दाबून श्वास द्यायला, म्हणजे बॅगिंग करायला लावून पेशंट जगवणारे ब्योर्न इब्सेन भूलतज्ज्ञ होते, आयसीयूची सुरुवात तिथली. एटीएलएस, म्हणजे अपघाताच्या पेशंटला पहिल्या काही मिनिटांत कसं सांभाळायचं हे शिकवणारा डॉक्टरांचा कोर्स, ज्यांच्यामुळे आला ते जेम्स स्टायनर ऑर्थोपेडिक सर्जन. १९७६ मध्ये नेब्रास्कात त्यांचं विमान शेतात कोसळलं, बायको जागीच गेली, पोरांना घेऊन जवळच्या हॉस्पिटलात पोचले तर तिथली ट्रीटमेंट बघून हादरले, आणि त्यातून १९७८ मध्ये पहिला कोर्स उभा राहिला. कोणी भूलवाला, कोणी हाडवाला, पण समोरचा पेशंट त्यांनी आपला मानला.

आता माझं. माझ्या बॅचचे बरेच जण सुपरस्पेशालिटी करून मोठ्या हॉस्पिटलात गेले, मी म्युनिसिपालिटीच्या जनरल सर्जरीत रिटायर झाले, आणि अजून लग्नाकार्यात कोणीतरी विचारतंच की तू पुढे काही केलं का नाहीस. अगं करणार काय, माझ्या वेळी ट्रॉमाचं एमसीएच नव्हतंच! व्हेंटिलेटर शिकायला मी भूलवाल्या मॅडमच्या मागे फिरायचे, ड्यूटी संपल्यावर, पाहुण्यासारखी. ते रीतसर शिकायला मिळालं नाही याची हळहळ आहे, ती जाणार नाही. पण माझ्या इमर्जन्सीच्या दिवशी पॉलीट्रॉमा, म्हणजे एकाच वेळी अनेक ठिकाणी मार लागलेला पेशंट आला की केसपेपरवर वर माझं नाव लिहायचा हट्ट मी शेवटपर्यंत सोडला नाही. ऑर्थोवाले हसायचे, म्हणायचे मॅडमला सगळेच पेशंट हवेत. हो, हवे होते. त्यात मी काही वाया घालवलं असं मला अजिबात वाटत नाही, आणि हे तू तुझ्या बाबांनाही सांगितलंस तरी चालेल.

तुझ्याकडे रस्ता आहे. दिल्लीला एम्सच्या जयप्रकाश नारायण ट्रॉमा सेंटरमध्ये एमसीएच ट्रॉमा सर्जरी अँड क्रिटिकल केअर आहे, एमएसनंतर तीन वर्षं, एन्ट्रन्स आयएनआय-एसएस, म्हणजे एम्ससारख्या संस्थांची सुपरस्पेशालिटीची परीक्षा. नॅशनल बोर्डाची फेलोशिप, एफएनबी ट्रॉमा अँड अॅक्यूट केअर दोन वर्षांची. गॅस्ट्रोचा अभ्यास करतेच आहेस, त्यातला निम्मा इथेही लागेल, तेव्हा वेळ फुकट गेला वगैरे रडू नकोस.

पण फॉर्म भरायच्या आधी तुझ्याच हॉस्पिटलात फीर. ब्लड बँकेत एक रात्र बस, एफएफपी, म्हणजे गोठवलेला प्लाझ्मा वितळायला किती वेळ लागतो ते डोळ्यांनी बघ, मग फोनवर टेक्निशियनवर ओरडणार नाहीस. ट्रानेक्झामिक अॅसिड हे रक्तस्राव कमी करणारं औषध पहिल्या तीन तासांत द्यायचं हे तुला पाठ आहे, त्यावरचा २०१० चा क्रॅश-टू ट्रायलही पाठ असेल, पण तुमच्या कॅज्युअल्टीच्या ट्रॉलीत ते इंजेक्शन असतं का, हे बघितलंस कधी? फिजिओ छातीचा व्यायाम घेते तेव्हा शेजारी थांब. सोशल वर्करला भेट, समाजकार्यातली एमएसडब्ल्यूची डिग्री करून आलेली असते, अननोन पेशंटचं घर रेल्वे पोलिसांशी बोलून शोधायचं काम तिच्या गळ्यात असतं आणि आपण तिला राऊंडलाही बोलवत नाही. वॉर्डबॉय मामांना विचार, सीटीला ट्रॉली न्यायला कुठली लिफ्ट रात्री बंद असते. हे सगळे टीममध्येच आहेत, पण त्यांना कुणीतरी सांगावं लागतं की हा पेशंट डॉक्टर अमुकचा आहे, काही वाटलं तर तिला हाक मारा. रात्री तीनला मारली तरी चिडणार नाही असं तोंड ठेव, नाहीतर मारणार नाहीत.

पुढच्या इमर्जन्सीला पॉलीट्रॉमा आला की तिन्ही डिपार्टमेंटच्या नोट्स वाच आणि बघ पेशंट कुणाचा ठरलाय. कुणाचाच नसेल तर तुझ्या युनिट हेडना फोन लाव, स्पष्ट विचार, आपला म्हणून लिहू का? नाही म्हणाले तर कुणाचा ते विचार, उत्तर मिळेपर्यंत फोन ठेवू नकोस.

रविवारी चारनंतर ये, दादरला उतर, रिक्षा मिळत नाही तर टॅक्सी कर. केलेल्या ऑपरेशनांची नोंदवही, लॉगबुक आण. बाबांचा नंबर आधी पाठवून ठेव, गॅस्ट्रोचं मी बोलते त्यांच्याशी.

तुझी मॅडम