वेस्टर्न ब्लॉट : ८९चा बँड कुठे गेला?

प्रश्न : डीएनए दुरुस्तीत भाग घेणाऱ्या मानवी पार्प-१ या एन्झाइमसाठी सशाची मोनोक्लोनल अँटीबॉडी आणली आहे. हेला पेशींना (प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी कर्करोगाच्या पेशी) औषध देऊन वेस्टर्न ब्लॉट (जेलवर आकारानुसार वेगळी केलेली प्रोटीन अँटीबॉडीने ओळखण्याची चाचणी) केला, तेव्हा ११६ आणि ८९ किलोडाल्टनला (प्रोटीनच्या वस्तुमानाचं एकक) असे दोन बँड आले. पुढच्या खेपेला ८९चा दिसलाच नाही. अँटीबॉडी खराब झाली का?
– संशोधक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : ११६चा बँड नीट येतोय ना, मग अँटीबॉडीवर संशय नको. पेशी अपोप्टोसिसच्या (ठरवून होणाऱ्या पेशीमृत्यूच्या) वाटेला लागली की कॅस्पेज-३ हे प्रोटीन कापणारं एन्झाइम पार्प-१ला २१४व्या अमिनो आम्लानंतर कापते आणि ८९ व २४ किलोडाल्टनचे तुकडे पडतात. कुठला तुकडा दिसणार, ते अँटीबॉडी रेणूच्या कुठल्या भागाला चिकटते यावर ठरते. काही अँटीबॉडी तर फक्त कापलेलाच पार्प ओळखतात. त्यामुळे डेटाशीटमधली एपिटोपची (अँटीबॉडी जिथे चिकटते त्या भागाची) ओळ आधी वाचावी.

आता ८९चा बँड. या खेपेला पेशी खरवडण्याआधी मीडियम (पेशी वाढवण्याचं द्रावण) ओतून दिलंत का? मरणाऱ्या पेशी प्लेट सोडून तरंगू लागतात, आणि कापलेला पार्प मुख्यतः त्यांच्यातच असतो. मीडियम सेंट्रिफ्यूजमध्ये ३०० g (गुरुत्वाच्या ३०० पट) वेगाने ५ मिनिटं फिरवा आणि तळाशी बसलेल्या पेशी खरवडलेल्या पेशींत मिसळा. आमच्या मते निम्म्या तक्रारी इथेच मिटतील.

दुसरी अडचण लायसिसची, म्हणजे पेशी फोडण्याची. पार्प-१ क्रोमॅटिनला (डीएनए आणि त्याला जोडलेली प्रोटीन) धरून बसतो. सौम्य बफर वापरला तर तो गाळाबरोबर फेकला जातो. पेशी सरळ एसडीएस (प्रोटीन उलगडणारा डिटर्जंट) सॅम्पल बफरमध्ये घ्या, चिकट डीएनए तुटेपर्यंत थोडं थोडं सोनिकेट करा (ध्वनिलहरींनी फोडा), मग ९५ अंशांवर ५ मिनिटं तापवा. दर लेनला २० ते ३० मायक्रोग्रॅम प्रोटीन आणि ८ टक्क्यांचं जेल पुरतं. या जेलमधून २४चा तुकडा मात्र निसटतो. तो हवा असेल तर १२ टक्क्यांचं घ्या. प्रायमरी, म्हणजे पार्पला चिकटणारी अँटीबॉडी, १:१००० पातळ करण्यापासून सुरू करून ४ अंशांवर रात्रभर ठेवा. शेजारच्या लेनमध्ये १ मायक्रोमोलर स्टॉरोस्पोरिन (अपोप्टोसिस घडवणारं रसायन) ३–४ तास दिलेल्या पेशी हव्यातच. त्याशिवाय ‘बँड नाही’ या निकालाला अर्थ नाही.

५०च्या आसपास बँड आला तर तो नेक्रोसिसमधला (इजेमुळे होणाऱ्या पेशीमृत्यूतला) तुकडा असू शकतो. पण सशाच्याच अँटीबॉडीने इम्युनोप्रेसिपिटेशन (अँटीबॉडीने प्रोटीन वेगळं काढणं) केलं असेल तर ५० आणि २५ला तिच्या स्वतःच्या जड-हलक्या साखळ्या उमटतात. त्यांना पार्प समजू नका.

प्रश्न : प्रायमरी पुन्हा वापरता यावी म्हणून ०.०२ टक्के सोडियम अझाइड (जिवाणूंची वाढ रोखणारं रसायन) घालतो. चालेल?
– प्रयोगशाळा सहायक, मुंबई

उत्तर : प्रायमरीत चालेल, पण नंतर टीबीएसटीने (धुण्याचा बफर) १० मिनिटांच्या तीन धुण्या नीट द्या. एचआरपी (बँड दिसायला लावणारं एन्झाइम) जोडलेल्या सेकंडरीत, म्हणजे प्रायमरीला चिकटणाऱ्या दुसऱ्या अँटीबॉडीत, थेंबभरही नको, अझाइड एचआरपीचं काम बंद पाडतं आणि ब्लॉट कोरा येतो. उरलेलं द्रावण सिंकमध्ये ओतू नका. तांब्या-शिशाच्या नळांत अझाइडचे स्फोटक क्षार साचतात.