डोंगर कापडावर आणताना

नाशिकजवळचा अंजनेरी किंवा ब्रह्मगिरी डोंगर रंगवून, टाके घालून कापडावर आणायचा तर आधी कापडाची खळ काढा. सुती मांजरपाट धुण्याच्या सोड्यात तासभर उकळा. खळ राहिली की रंग डागाडागांनी चढतो. मग रंग धरावा म्हणून कोरड्या कापडाच्या वजनाच्या 20 टक्के हिरड्याच्या पाण्यात भिजवा, आणि वाळवून 15 टक्के तुरटीच्या. सटाण्याकडच्या डाळिंबांची साल पिवळा रंग देते, अगदी मार्चमधल्या गवताचा. हळद नको, उन्हात उडते. त्याच पिवळ्यावर लोखंडाचं पाणी (लोह उतरलेलं पाणी) दिलं की कातळाचा करडा मिळतो. पण दोन-तीन मिनिटांतच कापड बाहेर काढून भरपूर पाण्यात धुवा. लोह जास्त झालं तर धागा काही वर्षांत कुजतो.

लांबचे डोंगर फिके, निळसर ठेवा. सगळेच गडद केले की चित्र सपाट दिसतं; नवख्यांचं बहुतेक इथेच बिनसतं. धावदोरा मधून कडेकडे घाला, खाली अस्तर हवंच. दोरा ओढला की चुण्या पडतात. येवल्याचे धूपछाव (उभे-आडवे धागे वेगळ्या रंगांचे, म्हणून हलवलं की रंग बदलणारे) रेशमी तुकडे मिळाले तर गंगापूर धरणाच्या पाण्यासाठी राखा, बाकी कुठे उधळू नका.

विक्रीचं नंतर बघा. मात्र प्रत्येक कामाचे तास, रंगाची कृती आणि कापडाचा तुकडा वहीत चिकटवत चला. किंमत त्यावरूनच ठरते.