मुलगी फार घाबरते. गोष्टी आणि खेळांतून तिला धीट करता येईल का?

तुम्ही लिहिलंय की मुलगी साडेचार वर्षांची आहे, दिवेलागणीनंतर एकटी आतल्या खोलीत जात नाही, कुकरची शिट्टी झाली की कान झाकून पळते, आणि रोज रात्री शिवाजी महाराजांच्या गोष्टी सांगूनही काही फरक पडत नाही.

हो, गोष्टींनी आणि खेळांनी मुलं धीट होतात. मी सांगलीत १९ वर्षं बालवाडीत शिकवते आणि दर वर्षी हे बघते. पण नुसती धीट माणसाची गोष्ट ऐकून मूल धीट होत नाही. त्या गोष्टीत त्याला स्वतःला काहीतरी काम मिळावं लागतं. महाराजांच्या गोष्टीत सगळं महाराज करतात, ती पांघरुणात पडून ऐकते. वर आपण म्हणतो, "बघ, महाराज घाबरायचे का कधी?" त्यातून तिला एवढंच कळतं की महाराज शूर आणि मी भित्री.

आधी हेही सांगते की तिचं काही चुकत नाहीये. तीन ते सहा या वयात कल्पना भराभर वाढते, पण मनातलं कुठलं आणि खरं कुठलं ही रेघ अजून पुसट असते. पडद्यामागे कुणीतरी आहे असं मनात आलं की तिच्या लेखी ते असतंच. तुम्ही दिवा लावून दाखवता, "बघ, काही नाही." ती मान हलवते, पण तिच्या हिशोबानं दिवा लागल्यावर ते लपलं आणि विझवल्यावर परत येणार. म्हणून समजावण्यापेक्षा खेळ कामी येतो. ज्या कल्पनेनं त्याला पडद्यामागे आणून बसवलं, तिच्याच हाती ते सोपवायचं.

माझ्या वर्गात जूनमधली पहिली गोष्ट उंदराच्या टोपीची असते. तुम्हीही लहानपणी ऐकली असेल. उंदराला चिंधी सापडते, तो धोब्याकडून ती धुऊन घेतो, शिंप्याकडून टोपी शिवून घेतो, गोंडे लावून मिरवतो. राजाचे शिपाई टोपी काढून घेतात, तर हा ढोलकं बडवत सुटतो, "राजा भिकारी, माझी टोपी घेतली, ढुम ढुम ढुमाक!" राजा वैतागून टोपी परत देतो, तरी हा गप्प बसत नाही, "राजा मला भ्याला, माझी टोपी दिली, ढुम ढुम ढुमाक!" ही गोष्ट आम्ही सांगतो कमी आणि खेळतो जास्त. राजा मी होते. ढोलकं मुद्दाम सगळ्यांत गप्प मुलाकडे देते. एका वर्षी एक मुलगी होती, दोन महिने वर्गात एक शब्द बोलली नव्हती. तिच्यासमोर स्टीलचा डबा उपडा ठेवला आणि हातात उलथणं दिलं. पहिल्या दिवशी तिनं ते नुसतं धरून ठेवलं. दुसऱ्या दिवशी हळूच एकदा वाजवलं. तिसऱ्या दिवशी डब्यावर दाणकन मारलं आणि ओरडली, "ढुमाक!" मी घाबरून पाटावरून खाली पडले. ती इतकी हसली की तिला उचकी लागली. मग मला दहा वेळा पाटावरून पडावं लागलं.

घरी तुम्हीही असं पडा. रोज तीच घाबरते आणि मोठे तिला धीर देतात. खेळात हे उलटं व्हायला हवं. तुम्ही खरोखरीचे घाबरा, पलंगामागे लपा, तिला "वाचव गं" म्हणा.

दुसरी गोष्ट भोपळ्यातल्या म्हातारीची. मला ती फार मोलाची वाटते, कारण म्हातारीकडे ना तलवार ना ताकद. वाघ वाटेत उभा राहतो, ती बहुतेक आतून थरथरतच असणार, तरी बोलते, "लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, जाडजूड होईन, मग मला खा." परतताना भोपळ्यात बसते आणि वाघालाच सांगते, "म्हातारी कोतारी मला नाही ठाऊक, चल रे भोपळ्या टुणुक टुणुक!" भीती वाटत असतानाही डोकं चालवता येतं, हे चार वर्षांच्या मुलाला याहून सोपं करून कसं सांगणार?

आता हीच गोष्ट तुमच्या घरात खेळा. एक मोठं खोकं आणा, तो भोपळा. बाहेरची खोली म्हणजे लेकीचं घर, आतली खोली म्हणजे म्हातारीचं घर, मधल्या वाटेवर तुम्ही वाघ. पहिले काही दिवस सगळे दिवे चालू ठेवा. मग आतल्या खोलीतला दिवा बंद, बाहेरचा चालू. मग तिच्या हातात बॅटरी द्या. भोपळा आज दारापर्यंत गेला तर दारापर्यंत, परवा पलंगापर्यंत. कुठे थांबायचं ते ती ठरवेल. "पुरे" म्हणाली की त्या क्षणी खेळ थांबवा. नंतर "बघ, उगाच घाबरत होतीस" असं म्हणू नका. "आज भोपळा पलंगाला टेकला!" म्हणा, तिला ते ऐकायला आवडेल.

२०१९च्या ऑगस्टमध्ये आमच्याकडे कृष्णेचा पूर आला. आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. वर्ग पुन्हा सुरू झाल्यावर साधी सर आली तरी काही मुलं दप्तर छातीशी धरून दारात जाऊन उभी राहायची. "आता पूर नाही येणार" असं सांगून मी दमले. मग जुन्या साडीचा एक हत्ती शिवला, पोटात चिंध्या भरल्या, आणि मुलांना सांगितलं की याला पावसाची भीती वाटते, याच्याकडे कोण बघणार? पाऊस सुरू झाला की त्याला मांडीवर घ्यायला भांडणं लागायची. दारात उभा राहणारा एक मुलगा हत्तीचे कान दोन्ही हातांनी झाकून त्याला सांगायचा, "गच्ची आहे आपल्याला. वर जायचं. मी नेतो तुला."

नंतर वाचलं की इस्रायलमध्ये २००६च्या युद्धानंतर अवी सादेह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच विचारपूर्वक केलं होतं. मुलांना लांब हातांचं एक कापडी कुत्रं दिलं, हिबूकी नावाचं. ते दुःखी आहे, त्याची काळजी तुम्ही घ्यायची, असं सांगितलं. त्या मुलांच्या मनावरचा ताण कमी झालेला दिसला आणि २००८मध्ये तो अभ्यास प्रसिद्धही झाला. वाचून मला फार बरं वाटलं. म्हणून तुमच्या मुलीलाही एक घाबरणारं बाळ द्या. कुकरच्या शिट्टीला ते बाहुलं घाबरतं, हिनं त्याचे कान झाकायचे आणि शिट्ट्या मोजायच्या. तीन झाल्या की "गॅस बंद करा" हे तिनं ओरडून सांगायचं, आणि तिनं सांगेपर्यंत तुम्ही बंद करायचा नाही.

महाराजांच्या गोष्टी मात्र सोडू नका. फक्त तिला किल्ला करू द्या. माझा मुलगा पाच वर्षांचा असताना अंधाराला इतका घाबरायचा की अंगणातल्या नळावर पाय धुवायला जायचा नाही. दिवाळीत आम्ही किल्ला केला. दगड, पोती, माती, वर अळीव पेरलं. त्यानं हातानं उकरून एक गुहा केली आणि एक मावळा तिथे पहाऱ्याला बसवला. रात्री जेवताना एकदम म्हणाला, "आई, तो एकटाच आहे ना तिकडे. त्याला भीती वाटत असेल का गं?" मी म्हटलं, "मला कसं कळणार? विचारून ये." तो बॅटरी घेऊन उठला. मी पायरीवर थांबले. किल्ल्यापाशी उकिडवा बसून, गुहेला तोंड लावून काहीतरी कुजबुजला. परत येऊन म्हणाला, "म्हणतो, थोडी वाटते. पण पहारा आहे ना." दुसऱ्या दिवशी बॅटरी विझवून बसला. "डोळ्यांना सवय झाली की दिसतं, मावळ्यानं सांगितलं." मी तेव्हा काही बोलले नाही, पण तो प्रसंग आजही आठवतो.

दोन गोष्टी मात्र घरात आजच बंद करा. "जेव, नाहीतर बागुलबुवा येईल," "पोलीस नेतील," "डॉक्टर सुई टोचतील" यातलं काहीही नको. एकीकडे बुवा आणायचा आणि दुसरीकडे धीट हो म्हणायचं, हे त्या जिवावर अन्याय आहे. आजी-आजोबा म्हणत असतील तर त्यांना बाजूला नेऊन, नीट, मायेनं सांगा. आणि पाहुण्यांसमोर "आमची जरा भित्रीच आहे" असं म्हणू नका. ती ऐकत असते.

भीतीमुळे झोप, जेवण किंवा शाळा कित्येक आठवडे बिघडलेली असेल, तर तुमच्या बालरोगतज्ज्ञांशी बोला. त्यात कमीपणा काही नाही.

खोकं किराणा दुकानात मागितलं तर मिळतं, कूलरचं मिळालं तर उत्तम. दोन्ही बाजू उघड्या ठेवा, म्हणजे तिला कोंडल्यासारखं होणार नाही. आणि भोपळ्याचे डोळे तिलाच काढू द्या. आमच्या वर्गातल्या भोपळ्याला पाच आहेत, कारण एका मुलानं सांगितलं की अंधारात जायचं तर दोन पुरत नाहीत.