'फीड नको करू' म्हणजे चारू नको की पोसू नको?

प्रश्न असा आहे की गावातला एक पोरगा लीग ऑफ लेजेंड्स हा टीमनं खेळायचा ऑनलाइन गेम सोडून तसल्याच डोटा 2 वर आला, तिथंही टीमवाले त्याला 'फीड नको करू', म्हणजे मरून मरून समोरच्याला सोनं देऊ नको, म्हणून राह्यले, तर याला मराठीत चारणे म्हणायचं का पोसणे.

मला विचाराल तर दोन्ही, पण जागा वेगळ्या. आमच्या दारव्ह्याकडे गोऱ्ह्याला रोज कुटार चारतात, वरून थोडी ढेप, आणि पोळ्यापर्यंत तो अंगानं भरला की लोक म्हणतात, चांगला पोसला गोऱ्हा. म्हणजे चारणं एका वेळचं, पोसणं त्याचं फळ. गेममधेही तसंच, तुम्ही एकदा मेले न् समोरच्याला सोनं भेटलं तर चारलं, पाच-सहादा मेले न् तो त्या सोन्यातून आयटम (गेममधलं हत्यार-सामान) घेऊन घेऊन तुमच्या अख्ख्या टीमला भारी झाला तर पोसलं. खाऊ घालणे, भरवणे हे इथं चालणार नाही, त्यात माया आहे.

माझा भाचा ओसरीत खेळता खेळता ओरडला, "अबे चारू नको त्याले!" तर माझी आई आतून म्हणे, "कोन कोनाले चारून राह्यला रे?" फीड म्हटलं असतं तर तिनं कान दिला नसता.

आता गेम बदलला की शब्द तोच राहते पण वजन बदलते. लीगमधे मेल्यावर तुमचं जमलेलं सोनं तुमच्याकडंच राहते, डोटात खर्च न केलेल्यातलंही थोडं जाते, म्हणजे चारलंही आणि कोठीतलंही गेलं.

अन् 'डिनाय' तर लीगमधे नाहीच, म्हणून नवा पोरगा तिथंच गोंधळते. डोटात आपलाच क्रीप, म्हणजे आपोआप चालणारा छोटा सैनिक, अर्ध्याहून कमी जिवावर आला की आपणच मारायचा, मग त्याचं सोनं समोरच्याला भेटत नाही. याला काहीजण 'नाकारणे' म्हणतात, मला ते अजिबात पटत नाही, कारण नाकारायला आधी कोणी मागावं लागते नाहीतर देऊ करावं लागते, आणि इथं तर समोरचा मारायच्या बेतात असतानाच तुम्ही उचलता. आपल्याकडं याला सरळ शब्द आहे, तोंडचा घास काढणे. खेळताना एवढं लांब कोण बोलते, 'घास काढ' म्हटलं तरी कळते.